इंग्लिश दुनळीची जुनी पेटी: तेलाची बाटली उघडण्याआधी

जुनी कातडी पेटी घरी आली की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. कातडं कोरडं पडलेलं असतं, कडांना तांबूस भुरका आलेला असतो. तेल चोळलं की पाच मिनिटांत ते गर्द आणि तुकतुकीत दिसायला लागतं, आणि आपल्याला वाटतं, पेटीत जीव आला. काही महिन्यांनी तेच कातडं चिकट होतं, धूळ धरतं, टाक्यांचा दोरा कुजायला लागतो आणि पितळी कोपऱ्यांभोवती हिरवं मेण साचतं. इंग्लिश दुनळी बंदुकांच्या ज्या जुन्या पेट्या आज लिलावांत आणि जुन्या बाजारांत दिसतात, त्यांतल्या कित्येकींचं वयानं झालं नाही एवढं नुकसान या हौशी तेलपाण्यानं केलेलं आहे. म्हणून इथे काम कुठल्या क्रमानं करायचं हे तर सांगतोच, पण हात कुठे आखडता घ्यायचा हेही सांगतो.

आधी पेट्यांचे प्रकार, थोडक्यात. टोपीच्या म्हणजे पर्कशन बंदुकांच्या (घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटला की बार उडतो अशा) काळातली पेटी उघड्या लाकडाची, महोगनीची किंवा ओकची असते. झाकणाच्या मध्यावर पितळेची गोल चकती, आत बहुतेक हिरवी बनात, म्हणजे लवेचं लोकरी कापड. काडतुसाच्या बंदुका आल्या त्या काळात ओकच्या पातळ फळ्यांचा सांगाडा, त्यावर जाड कातडं आणि आठही कोपऱ्यांना पितळ अशी पेटी रूढ झाली. व्यापारात तिला आजही ‘ओक अँड लेदर’च म्हणतात. आत किरमिजी, निळी किंवा हिरवी बनात. मोटारी आल्यावर कमी उंचीची, हलकी ‘मोटार केस’ आली. चौथा प्रकार ‘लेग ऑफ मटन’. बोकडाच्या तंगडीसारखा आकार, लाकडी सांगाडा नाही, नुसतं जाड कातडं. दुरुस्तीचा खरा कस ओक-कातड्याच्या पेटीत लागतो. लाकूड, कातडं, लोकर, पितळ आणि कागद एकमेकांना चिकटून राहतात आणि प्रत्येकाची गरज दुसऱ्याच्या मुळावर येते. पितळाला घासणं हवं असतं, शेजारच्या कातड्याला त्याचा वाराही चालत नाही. लोकरीला कोरडेपणा मानवतो, त्याच कोरडेपणानं ओकची फळी उलते.

पेटी वाचायची कशी

विकत घेण्याआधी झाकण उघडून निदान दहा मिनिटं बनातीकडे बघा. तिरप्या उजेडात, टॉर्च आडवा धरून. जी बंदूक त्या पेटीत वर्षानुवर्षं राहिली तिचा ठसा बनातीवर उमटलेला असतो. नळ्यांच्या तोंडाशी दोन अर्धगोल, नळ्यांच्या मागच्या जाड टोकाखाली तेलाचा काळा डाग, चापाच्या (ट्रिगरच्या) कडीजवळ लव झिजून दिसणारं विणकाम. पेटी बाहेरच्या घोड्यांच्या बंदुकीसाठी बनली असेल तर घोड्यांना जागा देण्यासाठी त्या कप्प्याची भिंत कोरलेली किंवा कप्पा रुंद ठेवलेला असतो. त्यात आज बिनघोड्याची, म्हणजे घोडे आत दडलेली, बंदूक ठेवून विकत असतील, तर ती जोडी नंतर जुळवलेली आहे. जुळवलेली जोडी घेऊ नये असं नाही, पण मूळ जोडी म्हणून पैसे मोजू नयेत.

आता लेबल. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाचं छापील किंवा सोनेरी ठशाचं कातडी लेबल असतं, आणि त्यावरचा पत्ता हे पेटीचं वय काढायचं सगळ्यात सोपं साधन. लंडनच्या नामांकित बंदूककारांचंच बघा. पर्डी 1826 मध्ये 314½ ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आले आणि 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ऑडली स्ट्रीटवरच्या ऑडली हाउसमध्ये गेले. बॉस अँड कंपनीचा पत्ता 1908 पर्यंत 73 सेंट जेम्सेस स्ट्रीट, मग 13 डोव्हर स्ट्रीट, आणि 1930 पासून 41 अ‍ॅल्बमार्ल स्ट्रीट. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे जोडनाव 1876 चं, त्यामुळे त्या नावाचं लेबल त्याआधीच्या पेटीत मूळचं असू शकत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बंदुका सफाईला, नव्या नळ्या बसवायला परत दुकानात जात आणि तेव्हा नवी पेटीही घेतली जाई. त्यामुळे लेबल बंदुकीहून वीस वर्षांनी नवं असेल तर शंका घ्यायचं कारण नाही. लेबल बंदुकीहून बरंच जुनं असेल तर जरूर घ्या.

नकली लेबलं सर्रास मिळतात. ओळखायच्या तीन खुणा आहेत. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात उजळक रसायन आहे, आणि ते साधारण 1950 नंतरच्या कागदांत येतं. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके दिसले तर ती आजची छपाई. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात भरवशाची: डाग लेबलावरून बनातीवर सलग गेलाय का? ओल, तेल, बुरशी यांना लेबलाची सीमा कळत नाही. बनातीवरचा डाग लेबलाच्या कडेशी सुरीनं कापल्यासारखा थांबत असेल, तर लेबल डागानंतर आलेलं आहे.

आपल्याकडे सापडणाऱ्या पेट्यांत लंडनच्या जोडीला कलकत्त्याची नावं दिसतात. मँटन अँड कंपनी आणि आर. बी. रॉडा ही त्यांतली मोठी. रॉडा म्हणजे तीच कंपनी, जिची 50 माऊझर पिस्तुलं आणि काडतुसं ऑगस्ट 1914 मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी भर कलकत्त्यात पळवली. पेटीच्या बाहेर पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींची, रेल्वेची, मुंबईचं नाव असलेली चिठ्ठी चिकटलेली असेल तर तिला हात लावू नका. अर्धी फाटलेली असली तरी नाही. अशा चिठ्ठ्या खरवडून कातडं ‘स्वच्छ’ केलेली पेटी बघितली की वाईट वाटतं, कारण पेटी कुठून कुठे फिरली याचा तो एकमेव कागद असतो. झाकणावरची मूळ मालकाची आद्याक्षरंही तशीच ठेवावीत.

कायद्याचंही इथेच उरकून घेऊ. रिकामी पेटी म्हणजे शस्त्र नव्हे. पण पेटीतल्या छोट्या डबीत जादा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारे खिळे असतात, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात. जुनं जिवंत काडतूस कप्प्यात राहिलेलं असेल तर तो दारूगोळाच. अशा वस्तू सापडल्या तर परवानाधारक विक्रेत्याला विचारूनच पुढचं पाऊल टाका. 100 वर्षांहून जुनी पेटी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि मग खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणूनसुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठी किंवा कप्प्याच्या झाकणाची बोंडं हस्तिदंताची असतील तर त्यांची खरेदी-विक्री भारतात बंद आहे. ब्रिटनमध्येही 2018 चा हस्तिदंत कायदा 2022 पासून लागू झाला आहे आणि त्यात अपवाद मोजकेच.

मापं नेहमी आतली घ्या. जुन्या पेट्या बहुतेक 30 इंची नळ्यांसाठी आहेत. 28 इंचीसाठीही पुष्कळ मिळतात. 1920 च्या दशकात लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी 25 इंची नळ्यांचा पुरस्कार केला, त्यांच्यासाठीच्या पेट्या आखूड. नळीच्या लांबीहून कप्पा 6 ते 10 मिलिमीटर जास्त असला की पुरे. मोठ्या पेटीत छोटी बंदूक बसवायची तर ओकचा ठोकळा बनात गुंडाळून कप्प्याच्या टोकाशी नुसता दाबून बसवा, चिकटवू नका. उलट प्रकार, म्हणजे छोट्या पेटीची भिंत पटाशीनं तासून जागा करणं, कधीही करू नये. टोकाची भिंत पातळ झाली की पहिल्याच धक्क्याला कोपऱ्याचा सांधा सुटतो.

हत्यार उचलण्याआधी

कुलपाची किल्ली नसेल तर झाकण पूर्ण मिटण्याआधी कुलपाची जीभ बोटानं दाबून बघा. कित्येक पेट्यांची कुलपं स्प्रिंगची असतात, किल्ली न फिरवता आपोआप लागतात. उघडी आलेली पेटी अशी बंद झाली की पुढचा रस्ता ड्रिलचा, आणि ड्रिलनं पितळाची पाटी कायमची गेली. किल्ली मिळेपर्यंत जिभेपुढे जाड कागदाची घडी अडकवून ठेवा. ब्रामा या जुन्या लंडन कंपनीचं कुलूप असेल तर किल्ली नळीसारखी गोल, टोकाला खाचा असलेली लागते. ती जाणकार कुलूपवाल्याकडूनच बनवून घ्यावी. अडकलेल्या कुलपात तेल घालू नका, ते खाली झिरपून बनातीवर उतरतं. ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरते.

दुसरी गोष्ट झाकणाच्या पट्टीची. झाकण मागे पडू नये म्हणून आत एक कातडी किंवा कापडी पट्टी असते, आणि जुन्या पेटीत बहुधा हीच आधी तुटते. मग झाकण पूर्ण मागे उलटतं, सगळा भार बिजागऱ्यांवर येतो, स्क्रू ओकमधून उपटून निघतात आणि पाठीवरचं कातडं उभं चिरतं. एका पट्टीपायी तीन नुकसानं. म्हणून काम सुरू करण्याआधी सुती नाडी बांधून झाकण साधारण काटकोनाला थोपवा.

तिसरी, किडे आणि बुरशी. बनात म्हणजे लोकर, आणि लोकर म्हणजे कसरीला मेजवानी. लव गोल-गोल खाल्लेली, कोपऱ्यात जाळीदार कोष किंवा वाळूसारखे बारीक कण दिसले तर पेटी घरातल्या कपड्यांपासून लांब ठेवा. पेटी जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर गार कातड्यावर दव धरेल. कातडं आधीच तडकलेलं किंवा फळ्या सुटलेल्या असतील तर अख्खी पेटी गोठवू नका, सुटं होणारं अस्तरच तेवढं गोठवा. घरोघरी कपड्यांत वेखंड ठेवतात तसं पेटीतही ठेवता येतं, पण मलमलीच्या पुरचुंडीत आणि बनातीला न टेकता. वेखंडानं कसर लांब राहते, आधीच घातलेली अंडी मरत नाहीत. बुरशी असेल तर एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशनं, घराबाहेर झाडावी. कडक उन्हात मात्र पेटी ठेवू नये. कातडं आकसतं आणि कोपऱ्यांवर फाटतं.

हातमोजे घाला. जुन्या बनातीत शिशाची आणि बंदुकीच्या जुन्या दारूच्या राखेची धूळ असते.

लाकूड आणि बिजागऱ्या

लाकडाचं काम आधी, कारण सांगाडा हलत असताना वरचं कातडं दुरुस्त केलं तर ते पुन्हा फाटणारच. मूळ सांधे जनावरांच्या सरसाचे असतात. सांधा सुटला असेल तर कोमट पाण्याच्या ओल्या बोळ्यानं जुना सरस मऊ करून काढा, कातड्याला ओल लागू न देता, आणि नवा सरसच वापरा. कोरडा सरस एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून डबल बॉयलरमध्ये 60 अंशांपर्यंत तापवायचा. उकळला की त्याची पकड जाते. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरला तर पुढच्या माणसाला सांधा न तोडता उघडता येणार नाही. सरसाचा सांधा शंभर वर्षांनीही कोमट पाण्यानं उघडतो, आणि हा त्याचा गुण आहे.

बिजागरीची भोकं सैल झाली असतील तर जाड स्क्रू घालू नका. ओकच्याच बारीक काड्या सरसात बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर कापून घ्या, नवं भोक पाडा. स्क्रू पितळेचे, सरळ खाचेचे. लोखंडी स्क्रू ओकमधल्या टॅनिनशी भिडला की भोवती निळा-काळा डाग पडतो आणि लाकूड तिथे ठिसूळ होतं. पण पितळी स्क्रू ओकमध्ये पिळताना तुटतोही पटकन. त्यासाठी त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी मेण लावून आत-बाहेर करा, मग पितळी फिरवा.

कातडं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. पहिली परीक्षा: कोरडा कापसाचा बोळा न दिसणाऱ्या जागी, म्हणजे मुठीखाली किंवा तळाशी, हलकेच फिरवा. बोळ्यावर विटकरी भुकटी आली तर तो लाल सड. झाडांच्या सालींनी कमावलेल्या कातड्यात हवेतला गंधकाचा धूर मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि कातड्याचे धागे आतून तुटतात. कोळशाच्या धुरातल्या लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्यांना तो लागला नसता तरच नवल. अशा कातड्याला तेल लावून उपयोग नाही, कारण तेल तुटलेले धागे जोडत नाही. पाणी तर विषच. थेंब पडला त्या जागी कातडं काळं पडतं, वाळल्यावर शिंपल्यासारखं कडक होतं, आणि तो डाग कधीच जात नाही. साबण, सॅडल सोप, ओलं फडकं, सगळं वर्ज्य.

उपाय एकच आणि साधा: धागे बांधून धरणारं द्रावण. संग्रहालयांत आणि पुस्तकबांधणीत यासाठी क्लुसेल-जी नावाची पूड वापरतात. 100 मिलिलीटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 ग्रॅम पूड, ढवळत ढवळत भुरभुरवायची. एकदम टाकली तर गुठळ्या होतात. रात्रभर फुगू द्या, सकाळी ती पातळ खळीसारखी दिसते. मऊ ब्रशनं एक हात लावा, तास-दोन तास थांबा, कातडं अजून भुकटी सोडत असेल तर दुसरा. 24 तासांनी पुन्हा कापसाचा बोळा फिरवून बघा. रंग किंचित गडद होतो, तेवढा मान्य करावा लागतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको, अल्कोहोल पेट घेतं.

सड नसलेलं, फक्त मळकं कातडं असेल तर कोरडा स्पंज आणि मऊ ब्रश, नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. वाटाण्याएवढं मेण अख्ख्या झाकणाला पुरतं. बोटानं घासलं आणि चिकट लागलं तर जास्त झालंय.

पाठीवरचं, बिजागरीवरून जाणारं कातडं बहुतेक पेट्यांत फाटलेलं असतं. जुन्या पुस्तकाची पाठ बदलतात तशीच ही दुरुस्ती. फाटलेल्या चिरेच्या दोन्ही बाजूंचं जुनं कातडं बोथट, पातळ पात्यानं 15 ते 20 मिलिमीटर उचला. सरस जुना झालेला असतो, त्यामुळे पातं घाई न करता सरकवलं तर कातडं सुटतं. खालून नव्या कातड्याची पट्टी सरकवायची. नवी पट्टी मध्ये एक मिलिमीटर आणि कडांना कागदासारखी तासलेली हवी. कड जाड राहिली तर वरच्या जुन्या कातड्यावर कायमची उभी रेघ उमटते. चिकटवायला गव्हाच्या पिठाची घट्ट खळ, ती फक्त नव्या पट्टीला लावायची. जुन्या सडलेल्या कातड्याच्या मागच्या बाजूला आधी क्लुसेल-जीचा हात देऊन वाळू द्या, नाहीतर खळीतलं पाणी वर काळं होऊन येईल. झाकण एकदा पूर्ण मिटून, एकदा काटकोनात उघडून पट्टीला बाक द्या आणि मगच वाळू द्या. पट्टी नुसती सपाट वाळली तर पहिल्यांदा झाकण मिटताना ती ताणली जाऊन उपटते.

पट्टीला कातडं कुठलं? क्रोमनं कमावलेलं, जॅकेट-पर्सचं कातडं नको. ते ओलं करून आकार धरत नाही आणि त्याची कड घोटता येत नाही. झाडाच्या सालीनं कमावलेलंच हवं, आणि ते आपल्याकडे मिळतं. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. हिरड्यातलं टॅनिन लाल सडाला बाभळीच्या टॅनिनपेक्षा कमी बळी पडतं, म्हणून विकत घेताना हिरड्याचं प्रमाण जास्त असलेलं मागा. तळव्याचं जाड कातडं नको, पट्ट्यांचं पातळ घ्या, आणि रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा, दोन-तीन फिक्या हातांत. एकाच गडद हातानं रंगवलेला तुकडा लांबूनही डोळ्यात भरतो.

टाके जुन्याच भोकांतून घालायचे. नवी भोकं पाडली की जुन्या आणि नव्या भोकांची मिळून पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि कातडं तिथून फाटतं. आरी नुसती जुनं भोक मोकळं करायला वापरा. दोरा लिननचा, मधमाशीच्या मेणात ओढलेला, दोन्ही टोकांना सुई. दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. इंचाला आठ टाके हे सर्वसाधारण माप, पण आपल्या पेटीवर मोजून घ्या. नायलॉन-पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो आणि तोच त्याचा दोष. ताण आला की दोरा टिकतो, जुनं कातडं कापलं जातं.

मूठ हा सगळ्यात फसवा भाग. वरून धडधाकट दिसते, पण पितळी कड्यांतून जिथे वळते तिथे आतून सडलेली असते. पेटी कितीही चांगली दिसो, तळाला दोन्ही हात देऊनच उचला. जोडबंदुकांची पेटी भरली की चांगलीच जड होते. मूठ तुटली असेल तर जुनं कातडं जपून उकला. आतला गाभा बहुधा कातड्याच्या थरांचा किंवा दोरीचा असतो. गाभा आणि कड्याभोवतीचे दोन पट्टे नवे करा, वरचं जुनं कातडं शक्य असेल तर पुन्हा ओढून शिवा.

पितळ

पितळाच्या कोपऱ्यांभोवती साचलेलं हिरवं मेण म्हणजे कातड्यातल्या चरबीनं तांब्यावर केलेली करामत. ते लाकडी टूथपिकनं खरवडून काढा, उरलेलं व्हाइट स्पिरिटच्या (रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या) कापसानं टिपा. चकचकीत करायचा मोह आवरा. आपल्याकडे पितळ म्हटलं की चिंच आठवते, पण पेटीवर चिंच, लिंबू, तयार पावडर काहीही नको. आम्लानं पितळाचं जस्त सुटून ते गुलाबी पडतं, आणि ओघळ कातड्यात शिरला की पुढची सड तिथूनच. पॉलिश करायचंच असेल तर प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला कोपऱ्याच्या आकाराची खिडकी कापून तो कातडं झाकेल असा सरकवा, आणि खडूची बारीक पूड अल्कोहोलमध्ये कालवून कापसानं घासा. कोपऱ्याच्या खिळ्यांभोवती पांढरी पूड राहिली तर ती सुई घेऊन काढावी लागते. अर्धवट काळसर पितळच जुन्या कातड्याला शोभतं.

बनात

मूळ बनात जितकी वाचवता येईल तितकी वाचवा. व्हॅक्यूमच्या नळीला मलमल बांधून, कमी ओढीवर, लवेच्या दिशेनं फिरवा. तेलाच्या डागावर कोरडी मुलतानी माती चाळून जाड पसरा, 24 तासांनी ओढून घ्या, दोन-तीनदा करा. डाग पूर्ण जात नाही, पण चिकटपणा जातो. छोटी भोकं असतील तर झाकणाखालच्या न दिसणाऱ्या जागेतली लव वस्तऱ्यानं खरवडून, खळीच्या ठिपक्यावर दाबून बसवा. लांबून दिसत नाही.

अस्तर बदलणं हा शेवटचा उपाय. कापड शुद्ध लोकरीचं घ्या. पॉलिस्टरचं फेल्ट लवकर गोळे धरतं आणि त्याची झाक ओळखू येते. एका बंदुकीच्या पेटीला 150 सेंटिमीटर पन्ह्याचं एक मीटर पुरतं, चूक धरून सव्वा मीटर आणा. रंग जुळवायला जुन्या बनातीचा झाकणाखालचा, उजेड न लागलेला तुकडा घेऊन जा. लाल कापडावर ओलं पांढरं सुती फडकं दाबून रंग सुटतो का ते आधीच बघा.

कापड थेट लाकडाला चिकटवू नका. आम्लरहित पुठ्ठा, एक मिलिमीटर जाडीचा, प्रत्येक भिंतीसाठी वेगळा कापा. तो प्रत्येक बाजूनं दीड मिलिमीटर लहान हवा, कारण दोन्हीकडे कापड वळून येतं. हे दीड मिलिमीटर विसरलात तर कापड चढवलेला पुठ्ठा जागेवर बसत नाही. सरस पुठ्ठ्याला लावा, कापडाला कधीच नाही. बोटाला ओढ लागेल इतका सुकू द्या, मग कापड टेकवा. ओल्या सरसावर कापड ठेवलं की तो लवेतून वर येतो आणि कडक, काळपट ठिपका कायमचा राहतो. क्रम असा: आधी बाजूच्या भिंती, मग तळ, तो भिंतींच्या खालच्या कडा दाबून धरतो, मग आडवे कप्पे, शेवटी झाकण. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला. एक तुकडा उलटा लागला तर तो वेगळ्याच थानातला वाटतो. जुनं अस्तर फेकू नका. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख लिहा, जुन्याचा निदान हातभर तुकडा कापडी पिशवीत घालून तळाशी ठेवा.

आतलं सामान

रिकाम्या कप्प्यांत काय होतं हे कप्प्याच्या आकारावरून कळतं. चौकोनी खोल खाच तेलाच्या बाटलीची. दोन गोल खळगे स्नॅप कॅपचे, म्हणजे घोडा रिकामा पडू नये म्हणून नळीत घालायच्या खोट्या काडतुसांचे. लांब अरुंद कप्पा तीन तुकड्यांच्या सफाई-काठीचा. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स आणि जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्सली यांचं सामान अजून मिळतं, पण नकलाही तेवढ्याच. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरची पाती दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली, टोकाशी समांतर असतात, कारण बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा फार बारीक. पाचरीसारखं निमुळतं पातं म्हणजे नंतरचं किंवा स्वस्तातलं. तेलाची बाटली पेटीत ठेवायची तर रिकामी, धुऊन, वाळवून. एकेकाळी तीत रंगून ऑइल असायचं, आणि बनातीवरचे निम्मे डाग त्याचेच.

ठेवायची कशी

दुरुस्त पेटीत बंदूक कायमची ठेवू नका. लोकर दमट हवा धरते, कातड्यातून आम्ल निघतं, आणि नळ्यांवर बनातीच्या विणीचाच गंज उमटतो. पेटी प्रवासासाठी होती, बंदूक परवान्याच्या नियमांप्रमाणे कपाटातच. रिकामी पेटी 45 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवा. 65 च्या वर बुरशी धरते, आणि कोकणात किंवा मुंबईत जुलैभर ती त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून आत छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या, पण लक्ष दोन्हीकडे ठेवायचं, जास्त दमटपणाकडे आणि जास्त कोरडेपणाकडेही. 40 च्या खाली गेलं तर पुड्या कमी करा. बाहेरून सुती खोळ, प्लास्टिक नको. भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर, वाळवीचा रस्ता दिसेल अशी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बनात हुंगा. कुबट वास डागाच्या आधी येतो. बाहेरचे दोन्ही पट्टे बकलात घाला, पण एक भोक सैल, म्हणजे घडीवर चीर पडत नाही आणि झाकणाच्या कडेला हवा खेळती राहते.